बादलीचा नंबर

किंग्स्टनमध्ये कुणाला तुच्छ लेखायला शब्द लागत नाहीत. दात मिटून ओठांतून हवा आत ओढायची, की झालं. मिस आयव्होरीनसारखी लांब 'च्च्च' मात्र दुसऱ्या कुणाला जमत नसे. ती राहायची त्या नाल्याकाठचे लोक म्हणत, तिची एक 'च्च्च' संपेस्तोवर भात शिजतो.

टेकडीवरच्यांचे कपडे धुण्यात तिचा जन्म गेला होता. चर्चमध्ये पुढच्या रांगेत छाती काढून बसणाऱ्यांच्या बनियनला किती भोकं असतात हे तिला पाठ होतं, आणि त्यांच्याबद्दलचं तिचं मत बनियनांवरूनच बनलेलं होतं. सगळ्यांत वाईट मत होतं मिसेस पेनिकूकबद्दल. बाईंचा बाप याच नाल्याकाठी खारवलेले मासे विकायचा. आता बाई टेकडीवर काटेरी तारेच्या कुंपणाआड राहत, आणि नाल्यावरून गाडी जाताना नाकाला रुमाल लावत.

वस्तीत सरकारी नळ एकच. तिथे माणसं उभी राहत नसत, बादल्या उभ्या राहत. बादली ठेवली की नंबर लागला, मग खुशाल घरी जाऊन झोपा. दुसऱ्याच्या बादलीला चोरसुद्धा हात लावत नसे.

टेकडीवरच्या रहिवासी मंडळाला हा नळ डोळ्यांत खुपायचा. त्याच्यामुळे म्हणे बंगल्यांचे भाव पडतात. मिसेस पेनिकूक मंडळाच्या अध्यक्षा. नळ काढून टाका, असा अर्ज त्यांनीच दिला. नळ गेला तर मिस आयव्होरीनचं धुणं बंद, आणि धुणं बंद तर चूल बंद.

तेवढ्यात पावसानं दडी मारली. टेकडीवर पाणी चढेना. नाल्याकाठचा नळ सखल जागी, जुन्या मोठ्या पाइपावर. तो वाहतच राहिला. एका दुपारी चकचकीत गाडी खाली उतरली. मोलकरीण सुट्टीवर, म्हणून मिसेस पेनिकूक जातीनं पिंप घेऊन आल्या होत्या. नळावर माणूस दिसेना. त्यांनी बादल्या पायानं बाजूला सारल्या आणि पिंप लावलं.

"अहो बाई! त्या बादल्या होत्या तशा ठेवा!" मिस आयव्होरीन दारातूनच कडाडली.

"इथे कुणीच नव्हतं."

"बादल्या दिसल्या नाहीत? तुमच्या बापाची पण इथंच असायची. बुडाला ठिगळ लावलेली."

"आयव्होरीन, तोंड सांभाळ. मी ओळखते तुला."

"मी तर तुमच्या चादरीसुद्धा ओळखते. सांगू सगळ्यांना? पिंप शेवटी लावा."

अख्खी गल्ली फिदीफिदी हसली. बाई शेवटी जाऊन संध्याकाळपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. पिंप ठेवून गाडीत बसलं तरी चालतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

पिंप भरल्यावर बाई म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे गं. नळ काढू देणार नाही मी. शब्द देते."

शब्द त्यांनी पाळला. मंडळानं नळाला हिरवा रंग दिला, शेजारी उभं राहून फोटो काढले. मिस आयव्होरीनला क्षणभर वाटलं, आपण या बाईला उगाच नावं ठेवली. पुढच्याच आठवड्यात त्या मोठ्या पाइपाला जोडून टेकडीवर नवी लाइन गेली, पंपासकट. हिरवा नळ सोडला की नुसती हवा फुसफुसायची. तिला पाण्यापेक्षा त्या एका क्षणाचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडताना मिसेस पेनिकूकची गाडी बंगल्याच्या फाटकाशी येऊन थांबली. बाहेर वळणापर्यंत बादल्याच बादल्या. पहिली, पोचे आलेली, मिस आयव्होरीनची. ती स्वतः आंब्याखाली ऐसपैस बसली होती.

"हा काय तमाशा आहे?" काच खाली झाली.

"पाणी वर आलं, मग नंबरही वरच लावला. तुमचं पिंप आणलंय ना? शेवटी लावा."

"हटव हे सगळं!" बाई फाटकावरच्या रखवालदारावर खेकसल्या.

रखवालदार वाकला. पहिल्या बादलीपाशी त्याचा हात अडखळला. मग त्याला तिसरी बादली दिसली, निळी, कडीला चिंधी बांधलेली. ती त्याच्या आईची होती. तो सरळ उभा राहिला, बादल्यांसाठी फाटक सताड उघडलं आणि बाजूला झाला.