शेवटचा माणूस आत जाईपर्यंत

शिरूरहून आम्हाला शिक्रापूरच्या कारखान्यात नेणाऱ्या बसचे ड्रायव्हर फौजेतून रिटायर झालेले होते. बस रिकामी झाली तरी ते हलायचे नाहीत. शेवटचा माणूस गेटच्या आत जाईपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहायचे. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. यांचं लक्षच नसायचं.

एकदा मी मागे राहून विचारलं, "मामा, रोज कशापायी थांबता?"

"काश्मीरला चिलखती गाडी चालवायचो," ते गेटाकडे बघतच म्हणाले. "रनगाड्यावानी, पर चाकांची. मागं जवान बसायचे. बाहीरनं गोळ्या लागल्या तरी आत कुणाला काय व्हायचं न्हाई. पर त्यांना तिथवर नेऊन उतरवायचं, हेच तर गाडीचं काम. एका गावाबाहीर मी मागचं दार उघडलं, आन् पोरं उतरली. समोरच्या भिंतीपातूर एकबी पोचला न्हाई. मी आत व्हतो. मला खरचटलंबी न्हाई."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला.

"उतरा आता," ते हळूच म्हणाले. "उशीर व्हईल."

मी पायरीपर्यंत गेलो, पण पाय खाली टाकवेना.