चंद्राक्काच्या वाट्याचे महिने

सीमाभागातल्या शहापुरात मारुतीरावांच्या साडीच्या दुकानात समोरच्या गादीवर चंद्राक्का बसायची. वडगावच्या विणकराची लेक आणि विणकराचीच बायको. नवरा मागावर खोकून खोकून गेला, तेव्हापासून ही गादीच तिचं घरदार. साड्या काय, कुणीही उलगडतं. चंद्राक्काची खरी कमाई होती नजर. पायरी चढणारी बाई तोंड उघडायच्या आत ही तिची भाषा ओळखायची, मराठी का कन्नड. इरकल दोन्हीकडच्या बायका नेसतात, कुंकूही दोन्हीकडं तेवढंच ठसठशीत. पण पदर कसा खोचलाय, आल्याआल्या हात काठाला लावला का किमतीच्या चिठ्ठीला, एवढ्यावर ती ठरवायची आणि हाक मारायची. कुणाला "या आक्का, बसा", कुणाला "बर्री आक्का, कुंदर्री". कधी चुकायची. मग दोघी हसायच्या, आणि त्या हसण्यातच एखादी साडी जास्त खपायची.

हंगाम बघून दुकानाचा बंदोबस्त बदलायची रीत मारुतीरावांच्या बापापासूनची. पावसाळ्यात गटार आत शिरतं, खालचे कप्पे रिकामे करा. गणपतीत वर्गणीची पोरं येतात, चहा पाजा आणि गोड बोला. दिवाळीत पदराआड साडी सरकवणाऱ्या बायका येतात, दारात दांडगा गडी उभा करा. नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सव, मराठी पाटीला डांबर फासतात, गोणपाट बांधा. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन, मोर्चे. शटर अर्ध्यावर ठेवा.

मारुतीरावांचा थोरला पोरगा मंथन बेंगळुरात शिकून आला आणि त्यानं हे सगळं जुनं ठरवलं.

"अण्णा, आता दगूड येत न्हाय. मोबाईल येतोय," तो म्हणाला.

"मोबाईलनं काच फुटती व्हय रं?" म्हातारा हसला.

पोराचं खरं होतं, खोटं कशाला बोला. नोव्हेंबरच्या तोंडावर एक बाई आली, मागं तिचा पोरगा. शर्टाच्या खिशातनं मोबाईलचा डोळा बाहेर. चंद्राक्कानं बाईकडं बघितलं, खिशाकडं न्हाय. वाटलं, सदलग्याकडची मराठी बाई. "या आक्का, बसा," म्हणाली. बाई कन्नडमधून बोलली. चंद्राक्कानंही लगेच कन्नड लावलं, चार साड्या टाकल्या, पोराची चौकशी केली. बाईनं एक साडी घेतलीसुद्धा.

पण मोबाईलवर गावभर फिरलं ते नुसतं "या आक्का, बसा". खाली लिहिलेलं, इथं धंदा करायचा आणि आमची भाषा नको.

दुसऱ्या दिवशी दारात कन्नड पोरांचा घोळका. गोणपाट फाडून डांबर फासलं. मारुतीरावांना हात जोडायला लावले, मग चंद्राक्काला. तिनं चांगल्या घसघशीत कन्नडमध्ये माफी मागितली. आपण कुणाचं काय घेतलंय, हे तिला कळलं नव्हतं. ती माफीही मोबाईलवर घेतली.

"आक्का, अधिवेशन होईपतोर आत बस," मंथन म्हणाला. आत म्हणजे मागची खोली. फॉल लावायचे, घड्या घालायच्या. चंद्राक्का मुकाट गेली. हंगाम सरला की गटारही ओसरतं, हे तिनं बघितलेलं.

जानेवारीत ती बाहेर आली आणि आठवडा झाला नसेल, दुसरा घोळका आला. हे आपले. मराठी.

"म्हातारे, त्यांच्याम्होरं हात जोडलीस. लाज न्हाय वाटली?"

त्यात एक अनगोळच्या गुंडूचं पोरगं. त्याच्या आईचा लग्नाचा शालू चंद्राक्कानं निवडून दिलेला.

"मी हात जोडलतं तवा तू कुठं हुतास रं, बाळा?" चंद्राक्कानं विचारलं.

पोरानं मोबाईल तेवढा वर धरला.

त्या आठवड्यात मंथननं एका सिक्युरिटीवाल्याला आणलं. टाय बांधलेला गडी. दुकानभर फिरला, कॅमेरे कुठं लावायचे ते बोटानं दाखवलं आणि कोपऱ्यात नेऊन कुजबुजायचं सोडून चंद्राक्काच्या देखतच मंथनला म्हणाला, "धोक्याचं ठिकाण हेच. दोन्ही पार्टीला या बाईचा चेहरा माहीत झालाय."

चंद्राक्का मारुतीरावांकडं बघत राहिली. म्हातारा जपमाळेसारखी किल्ल्यांची जुडी फिरवत बसला. गादीवर तेजस्वी नावाची पोरगी आली. तिला सांगून ठेवलेलं, गिऱ्हाईक बोलेपर्यंत नुसतं हसायचं. कुठल्याच भाषेत या म्हणायचं न्हाय.

चंद्राक्का मंथनपुढं जाऊन उभी राहिली. "काढून टाक सरळ."

"आसं कसं, आक्का? घरची हाईस तू."

"मग माझा महिना कंचा, ते सांग. नोव्हेंबरात ते, जानेवारीत हे. गणपतीत दोघं बी. लगनसराईत गर्दी, कोण कुठला कळत न्हाय. सांग की, बसू कवा?"

मंथननं खरंच विचार केला. थट्टा नव्हती त्याच्या तोंडावर. "जून-जुलै," तो म्हणाला. "पावसात भांडाय कोण येत न्हाय."

"साडी घ्याय बी येत न्हाय कोण."

"म्हणून तर."

हे ठरलं तसंच चाललंय. गटारीचं पाणी पायरीला लागतं, बाजार ओस पडतो, तेव्हा चंद्राक्का गादीवर बसते. एखादी बाई चुकून चढते, छत्री मिटते, उभी राहते. चंद्राक्का तिचा पदर बघते, हात कुठं जातो ते बघते, भाषा ओळखते. आणि गप्प बसते. बाई थोडा वेळ वाट बघते, म्हणते, "माणूस आलेलं दिसत न्हाय व्हय गं?" आणि समोरच्या दुकानात जाते. मंथन वरून कॅमेऱ्यात हे बघतो. त्याच्या हिशेबानं तो महिना बिनघोर गेला.