मागच्या पडवीतलं पान

शाल खांद्यावर होती आणि पान मागच्या पडवीत मांडलं होतं.

शाल माझ्या मुलीच्या, सायलीच्या खांद्यावर. गेल्या भाद्रपदातली गोष्ट. कॉलेजच्या शिष्यवृत्तीवर ती वर्षभर इटलीला शिकायला निघाली होती, तिथल्या एका कुटुंबात राहून. आमच्या वाडीतली माणसं आजवर गेली ती मुंबईला, फार तर जहाजावर. म्हणून अण्णांनी सत्कार ठेवला. अण्णा म्हणजे आमचे बागायतदार. त्यांचा आजा खोत, माझा आजा त्यांचं कूळ. पुढे कायदा आला, खोती गेली, आणि मी त्यांच्याच हापूसच्या बागेत मुकादम झालो. पंचवीस वर्षं झाली. प्रगतीच म्हणायची.

पुढच्या अंगणात खुर्च्या, माईक, सरपंच. अण्णांनी शाल घातली, नारळ दिला. म्हणाले, "ही आमच्याच घरातली मुलगी." टाळ्या झाल्या. मग जेवणं. पाहुण्यांची आत, टेबलावर. अण्णांची बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, दारात आल्या आणि सायलीला अगदी मायेनं म्हणाल्या, "बाळा, तुझं पान मागे मांडलंय हां. बाबांजवळ बस."

मागच्या पडवीत गडीमाणसं जेवतात. जमिनीवर, पत्रावळीवर. जेवण झालं की आपली पत्रावळ आपण उचलायची, बसल्या जागी ओलं फडकं फिरवायचं आणि मग हात धुवायला जायचं. कुणी सांगत नाही. सांगावं लागत नाही.

सायली शाल सावरत खाली बसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? हसलो. म्हटलं, "आत पंख्याखाली उकडतं गो. हितं बघ कसा वारा येतोय."

वारा नव्हता. पत्रावळीचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

ती जेवली. पत्रावळ उचलली. शालीचा पदर कमरेला खोचला आणि फडकं फिरवलं. सत्कारमूर्तीनं.

मी तसा विनोदी माणूस. लग्नकार्यात माझ्याभोवती घोळका जमतो, आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझं. हा प्रसंगही मी महिनाभर रंगवून सांगितला. "सत्कार पुढे, मूर्ती मागे!" लोक पोट धरून हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी.

सायली इटलीत पोचली. समुद्राकाठचं गाव. घरात दोघंच, पाओलो बस चालवतो आणि लुचिया एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. म्हणजे आमच्यासारखीच कामाची माणसं. सायली त्यांच्याबरोबर टेबलावर बसून जेवायची. फोनवर सांगायची, "बाबा, जेवण दोन-दोन तास चालतं. भांडतात, गातात, पण उठत नाहीत." मी म्हणायचो, "मग कामं कधी करतात गो?"

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी, फोन आला. त्यांची दुपार, आमची चहाची वेळ. पडद्यावर लुचियाबाई. चेहरा लाल, डोळे भरलेले. शेजारी सायली, मान खाली.

"काय झालं गो?"

"बाबा, त्या विचारतायत, आमच्याकडून काय चुकलं?"

झालं होतं ते असं. त्या दिवशी लुचियाकडे पाहुणे आले. भाऊ, भावजया, त्यांची मुलं. टेबल भरलं. सायलीनं आपली ताटली घेतली आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. त्यांना वाटलं, पोरीला ऊन खायचं असेल. आपलं जेवण झाल्यावर ही आत आली, फडकं ओलं केलं, परत गेली आणि बसली होती ती पायरी पुसून काढली. लुचियानं ते बघितलं. तिला वाटलं, आपण हिला कधीतरी 'मागे बस' असं काही बोललो की काय. तिला पुढचं जेवण गेलं नाही.

मी म्हटलं, "सांग त्यांना, आमच्यात तशी पद्धत असते. पाहुण्यांचा मान."

सायली म्हणाली, "पद्धत म्हणून सांगू?"

"सांग."

"आणि मी अण्णांच्या घरचं सांगितलं नि त्यांनी विचारलं, तिथं मग तुम्ही कोण, तर काय सांगू? पाहुणे नाही, घरचे नाही. कोण, बाबा?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला कोणी जा म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "टेबल भरलेलं दिसलं आणि पाय मागच्या दाराकडे वळले. माझं मला कळलंसुद्धा नाही."

तिथंही सगळं गोड आहे असं नाही. बसमध्ये एक बाई तिच्या शेजारून उठून दुसरीकडे जाऊन बसली होती. पण तो अपमान आहे हे पोरीला तिथल्या तिथं कळलं, रागानं ती दोन दिवस धुमसत होती. आमच्याकडचा कळायला मात्र वीस वर्षं आणि एक विमान लागलं. कारण तो तिला मी भरवला होता. वारा येतोय म्हणून.

त्या दिवसापासून माझं बूड कुठं टेकेना. बागेत फवारणीला गेलो तर एकाच कलमावर दोनदा मारली. घरी जेवायला बसलो की उठावंसं वाटायचं. बायको म्हणाली, "मुंग्या चावतायत काय हो? स्वस्थ बसा की." मी तिला सांगायला गेलो तर तोंडात आपोआप गंमतच यायला लागली. मग माझीच मला भीती वाटली. माझे सगळे विनोद मी एकेक करून आठवले. निम्मे त्या पडवीतले होते. लोकांनी हसावं म्हणून नव्हेत. मला लाज वाटू नये म्हणून.

फाल्गुनात हापूसची पहिली पेटी निघाली. त्या दिवशी अण्णांकडे पेटीची पूजा असते आणि जेवण. मुंबईचे व्यापारी आले होते. मी आंब्यांना हार घातला, नारळ फोडला. पानं मांडली गेली. मी पुढच्या दारानं आत गेलो, खुर्ची ओढली आणि बसलो.

अण्णा म्हणाले, "काय हवंय मुकादम?"

"काय नाय. जेवायला बसलोय."

"अरे, तुझं पान मागे आहे."

"माहीत आहे. पंचवीस वर्षं तिथंच आहे."

व्यापारी हसले. माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचलेली. मी हसलो नाही, तेव्हा तेही थांबले.

वहिनी म्हणाल्या, "हे काय खूळ आज? पाहुण्यांदेखत?"

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, आपल्यात भेदभाव नाही, तुला ठाऊक आहे. जुनी पद्धत आहे, एवढंच."

"पद्धत नाय ती अण्णा. आम्हाला खाली बसवणं आहे. पद्धत म्हणायला मीच माझ्या पोरीला शिकवलं. ती चूक माझी."

पाय मागच्या दाराकडे वळायला बघत होते. टेबलाखाली ते कुणाला दिसत नाहीत, हा टेबलाचा फायदा मला तेव्हा कळला.

वहिनींनी सगळ्यांना वाढलं. मला सोडून. समोर ताट नाही, पाणी नाही. मी उठलो नाही. त्यांचा वरणभात झाला, मासे झाले, सोलकढी झाली. कुणाला धड गिळवेना. शेवटच्या माणसानं हात धुतला, तेव्हा मी उठलो.

अण्णा दारापर्यंत आले. "उद्यापासून बागेत यायचं की नाही, ते घरी बसून ठरव."

"ठरवलंय. येणार. ती कलमं माझ्या हातची आहेत. पण माझ्या घरातलं कोणी तुमच्या पडवीत पानावर बसणार नाही. मी नाय, बायको नाय, सायली नाय."

आत हे चाललं तेव्हा बायको मागे पडवीत जेवत होती. तिला आतलं ठाऊक नव्हतं, ती उठली नाही. घरी जाताना वाटेत म्हणाली, "तुम्ही बसलात ते बरं केलंत. पण मला आधी सांगितलंत? मी पण आले असते." खरं होतं. शूरपणाच्या नादात मी तिला मागेच ठेवली होती. हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकाला नवं कुलूप होतं. अजून आहे. मोसम जाईल. कदाचित बागही कायमची सुटेल. मी दुसऱ्या बागांतून काम विचारत फिरतोय आणि प्रत्येक ठिकाणी मजुरीच्या आधी एकच विचारतो, जेवायला कुठं बसवणार? दोघांनी फाटकातूनच परत पाठवलं. तिसरीकडेही हेच विचारणार आहे.

सायलीला मी फोन केला. म्हटलं, लुचियाबाईंना जवळ बोलाव आणि शब्दाला शब्द सांग. माझा बाप तुमच्याशी खोटं बोलला. ती पद्धत नव्हती. आम्हाला खाली बसवलं जात होतं आणि आम्ही बसत होतो. आता बसणार नाही.