नानांची तिसरी खुर्ची

नानांची सही हवी असेल तर आधी नानांना गाडीत घालून न्यावं लागे. जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात ते मुख्य वित्त अधिकारी होते. नवं मशीन घ्यायचं असो की नशिराबादजवळ गोदाम भाड्यानं घ्यायचं असो, कागद टेबलावर आला की ते तो शेवटपर्यंत वाचत, पालथा ठेवत आणि विचारत, “हे आहे कुठे? चला, बघून येऊ.” मग भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून स्वारी निघे. कारखान्याच्या मालकांना आम्ही सगळे भाईजी म्हणायचो. ते चेष्टेनं म्हणत, “नाना मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्याच्या विहिरीत उतरून आले असतील.” नाना चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत, “उतरलो नाही भाईजी, पाणी फक्त चाखलं. मचूळ होतं. पण तोवर मुलगी पसंत पडली होती.”

मी यावलहून बी.कॉम. करून त्यांच्या हाताखाली लागले. बाईनं ऑफिसात बसावं, गोदामाकडे फिरकू नये, असा तिथला न लिहिलेला नियम होता. नानांनी तो पहिल्याच आठवड्यात मोडला. “हिशेब लिहिणाऱ्यानं माल पाहिला नसेल, तर तो हिशेब नव्हे, निबंध,” असं म्हणून त्यांनी मला चटयांच्या थप्प्यांमधून तासभर हिंडवलं. माझी नवी चप्पल तुटली. अकरा वर्षं मी त्यांच्याजवळ काम केलं. जे काही येतं ते तिथलंच आहे.

पुढे भाईजींच्या मुलानं कारभार हाती घेतला आणि पुण्याहून आपल्या ओळखीचा तरुण अधिकारी आणला. नानांना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मुलानं पाया पडून म्हटलं, “नाना, तुम्ही घरचेच. अडलं की फोन करणारच.” इतक्या वर्षांत कुठल्याही कागदावर विश्वास न ठेवणाऱ्या नानांनी या वाक्यावर ठेवला. घरच्यासारखं वागवणाऱ्या पेढीत जन्म घालवलेली माणसं नेमकी इथेच फसतात.

कामं चालून येत नव्हती असं नाही. पुण्याच्या एका उद्योगाला आठवड्यातून दोन दिवस सल्ला हवा होता. कॉलेजनं मुलांना शिकवायला बोलावलं. जावई म्हणाले, घरीच पाटी लावा, छोटे कारखानदार रांग लावतील. नाना सगळ्यांना “बघू” म्हणत आणि सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसत. ते फोनची वाट बघत होते. असे सात महिने गेले. शेवटी नानांच्या बायकोनं, काकूंनी, मला फोन केला. “रेखा, यांना कुठेतरी गुंतव गं. संध्याकाळी तो शर्ट तसाच्या तसा काढून ठेवतात. मला बघवत नाही.”

मी तेव्हा धुळ्याला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कंपनीत हिशेबाची प्रमुख झाले होते. आमच्या संचालक मंडळात बाहेरचा, निःपक्ष असा एक अनुभवी माणूस घ्यायचा होता. मी नानांचं नाव सुचवलं आणि ते मान्य झालं. पहिल्या बैठकीला कंपनीची गाडी त्यांना आणायला जळगावला गेली. नानांनी नवी कार्डं छापून घेतली होती, त्यावर ‘स्वतंत्र संचालक’. एक मला दिलं आणि म्हणाले, “बघ पोरी, अजून उपयोगाचे आहोत.” मला इतका आनंद झाला की मी ते कार्ड आईला दाखवायला घरी नेलं.

वर्षअखेरीला हिशेब मंजूर करायची वेळ आली. बैठकीच्या आदल्या दिवशी नाना न सांगता धुळ्याला आले आणि म्हणाले, “चल, गोदाम दाखव.” गोदामात रुईच्या इतक्या गाठी शिल्लक आहेत, अशा दाखल्यावर माझी सही होती, आणि मी गोदामात गेले नव्हते. मला शंका नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्याआधीच्या दिवसांत ट्रक भरून बाहेर जाताना मी पाहिले होते. पण कंपनीच्या साहेबांनी “ताई, जरा लवकर” म्हणून कागद पुढे केला आणि मी सही केली. नुकतंच घर घेतलं होतं, आई अंथरुणाला खिळली होती, आणि नोकरी चांगली होती.

गोदामाचं दार उघडलं तर समोर गाठींची जवळजवळ छतापर्यंत भिंत. मला हायसं वाटलं. नाना मात्र रखवालदाराकडे बघत राहिले. तो म्हातारा खाली मान घालून पुटपुटला, “साहेब, पुढली रांग शे. मांगे बठ्ठं खाली शे.” मागे सगळं रिकामं आहे म्हणतोय ते बघायला नानांनी शिडी मागवली. एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, एकेक पायरी वर गेला. वरून पलीकडे डोकावला. मग म्हणाला, “ये वर.” मी चढले. भिंतीच्या पलीकडे झाडलेली, स्वच्छ, रिकामी फरशी होती.

खाली उतरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. “तू पाहिलं होतंस?”

“नाही, नाना.”

मी त्यांना धुळ्याच्या स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी न घेता एसटीनंच परत जाणार होते. बसमध्ये चढता चढता म्हणाले, “उद्या मी बोलणार आहे. त्याआधी तू बोललीस तर बरं.”

मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत माझी पाळी आली, मी आकडे वाचून दाखवले आणि खाली बसले. नानांनी पाच मिनिटं वाट पाहिली, ती माझ्यासाठी होती हे फक्त मला कळत होतं. मग ते म्हणाले, “गोदाम मी पाहिलं. मागं माल नाही. मी सही करणार नाही.” अध्यक्षांनी चढ्या आवाजात विचारलं, “मग दाखल्यावर सही कोणाची?” नाना म्हणाले, “सही कोणाची ते नंतर बघा. माल कुठे गेला ते आधी सांगा.” अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. नानांनी तिथेच राजीनामा लिहून दिला.

नाना खुसपटं काढतात, अशी बोलवा जळगाव-धुळ्यात पसरली. त्यांना पुन्हा कुठल्याच संचालक मंडळानं बोलावलं नाही. आमच्याकडे कागद दुरुस्त झाले, मला कोणी जाब विचारला नाही, उलट पगारवाढ मिळाली. ती घेताना मला माझी लाज वाटली. तरी मी ती घेतली.

नानांनी आपलं काम आपणच शोधलं. दोंडाईच्याला मिरची पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. तिचा कारभार बघायला ते गेले. पगार पूर्वीच्या त्यांच्या ड्रायव्हरपेक्षा कमी. सोमवारी सुरत लाइनची पॅसेंजर पकडायची, शनिवारी परत यायचं, मधले दिवस पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर शिंकत बसायचं. नातेवाईक हळहळले, कुठून कुठे आले म्हणून. काकू मात्र मला म्हणाल्या, “शर्ट लाल होऊन येतात गं. धुवायला बरं वाटतं.”

दोन वर्षं मी त्यांना तोंड दाखवलं नाही. मग होळीच्या सुमारास एके दिवशी त्यांचाच फोन आला. “माझ्या जागी माणूस हवाय. मी तुझं नाव दिलंय. गुरुवारी ये.” मी म्हटलं, “नाना, तुम्हाला सगळं माहीत असून?” ते म्हणाले, “ये तर खरी.”

शेडमध्ये बारा-पंधरा शेतकरी सतरंजीवर बसले होते. त्यांच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. “ताई, धुळ्याना गोदाममा काय व्हयनं व्हतं, ते सांगा.” मी नानांकडे पाहिलं. ते दाराबाहेर बघत होते. पळून जावंसं वाटलं. मग मी सांगितलं. ट्रक, सही, शिडी, ती रिकामी फरशी, बैठकीतली ती पाच मिनिटं, पगारवाढ, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. अक्का म्हणाल्या, “आते ताईले च्या पाजा.”

स्टेशनकडे चालताना मी म्हटलं, “तुम्ही त्यांना आधीच सगळं सांगितलं होतंत.”

“छे. एवढंच म्हटलं, तिला धुळ्याचं गोदाम विचारा.”

“आणि मी थाप मारली असती तर?”

“तर मी गप्प बसलो असतो. आणि इथंच राहिलो असतो.”

पुढच्या महिन्यात मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि नाना नाशिकला लेकीकडे गेले. तिथे दोन महिन्यांत हृदयविकारानं वारले. बाराव्याला काकू मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरांनी दिवाळीपासूनच हृदयाच्या उपचारासाठी नाशिकला बोलावलं होतं. पण हे रोज म्हणायचे, रेखाचं एकदा होऊ दे, मग जाऊ.