नऊ नंबरचे बूट

आपण निवृत्त होतोय ही बातमी माणसाला लिफ्टच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. खांबला ती तशीच कळली. तीही स्वतः वाचून नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखात्याच्या सुपरवायझर बाई सकाळी सकाळी चष्मा कपाळावर चढवून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय हो खांब, आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत! सोडताय म्हणे कुस्ती?"

"कोण म्हणतं?"

"लिफ्टवर लावलंय की! तुमचा फोटो आहे. दहा वर्षांपूर्वीचा असावा. केस आहेत त्यात."

खांब हातातली ओल्या चादरींची ट्रॉली तशीच सोडून लिफ्टपाशी गेला. चकचकीत कागद, वर कुस्ती संघाचं चिन्ह, आणि खाली ठळक अक्षरांत, 'सहा वेळच्या विजेत्या मल्लाला भावपूर्ण निरोप. अंतिम लढतीनंतर मॅटवर बूट ठेवण्याचा हृद्य सोहळा.' तारीख पुढच्या पुढच्या रविवारची. वेळ दुपारी चार. सगळं होतं त्या कागदावर. फक्त ज्याला निरोप द्यायचा त्याला विचारलं होतं की नाही, तेवढं नव्हतं.

खांबच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खांब हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पहिल्याच स्पर्धेत समोरच्यानं तीन मिनिटं रेटून रेटून त्याला टीचभर हलवता आलं नाही, तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, तो खांब आहे, दुसरीकडून जा!" ते जे चिकटलं ते चिकटलंच. पगाराच्या पावतीवर वेगळं नाव येतं, पण त्या नावानं हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघणार नाही.

बेचाळीस वर्षांचा गडी. त्यातली बावीस वर्षं धुलाईखात्यात. काम म्हणाल तर साधं. मोठ्या मशीनमधून ओल्या चादरी काढायच्या, गाठी सोडवायच्या, पिळायच्या यंत्रात टाकायच्या, दिवसाला चारशे-साडेचारशे. नव्या माणसाला वाटतं, चादर ती काय आणि तिचं वजन ते काय! पण दहा ओल्या चादरींचा एकमेकींत गुंतलेला गठ्ठा उचलून बघा एकदा. खांब म्हणायचा, माझी तालीम इथेच झाली. आणि एक गोष्ट त्याच्या हातांना तिथेच कळली होती. ओल्या चादरीचं वजन मुकाट असतं. ती तुमच्या अंगावर पडून राहते, नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. माणूस तसा नसतो. माणसाला उचलायला गेलं की तो आतून कुठेतरी ताठतो, मग तो कितीही दमलेला असो. डोळे बांधून हातात दिलं तरी खांब या दोन वजनांतला फरक सांगेल.

पाळी संपल्यावर तो तडक संघाच्या कचेरीत गेला. एका जिन्याखालची खोली ती. टेबलावर काच, काचेखाली शंभर लोकांची कार्डं, कपाटावर धूळ खात बसलेल्या ढाली, आणि मान कुरकुरवत फिरणारा पंखा. सेक्रेटरी फोनवर कोणालातरी खुर्च्यांची संख्या सांगत होते. वयानं खांबएवढेच, पण आयुष्यात मॅटवर चढले ते फक्त फोटोला.

"या, या पैलवान! तुमचीच आठवण काढत होतो."

"आठवण काढत होतात? मग विचारायची आठवण नाही झाली ती?"

"काय विचारायचं?"

"मी थांबतोय का, हे!"

सेक्रेटरी हसले. लहान मुलाला औषध पाजताना हसतात तसं. "अहो, तुमच्या चांगल्यासाठीच चाललंय हे सगळं. प्रमुख पाहुणे येतायत. छायाचित्रकार सांगितलाय. जिंकायचं, बूट काढायचे, मॅटच्या मधोमध ठेवायचे, डोळे पुसायचे. जगभरचे मल्ल असाच निरोप घेतात. लोक उभे राहतील हो!"

"आणि नाही जिंकलो तर?"

"जिंकाल हो," सेक्रेटरी म्हणाले आणि काचेखालचं एक कार्ड सरळ करू लागले. तेव्हा खांबला वाटलं, हा आपली पाठ थोपटतोय. नंतर त्याला या वाक्याची फार चीड आली.

निघताना सेक्रेटरींनी त्याच्या हातात एक खोकं कोंबलं. "नवे बूट आहेत. तुमचे ते जुने पाहिलेत मी. तीनदा तळ लावलाय, एका बाजूला ठिगळ आहे. फोटोत बरं दिसत नाही."

घरी बायको शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशाचे खिसे लावत होती. बाजूला कापलेल्या खिशांची थप्पी, तोंडात दोन टाचण्या. खांबनं खोकं पलंगावर आपटलं आणि सगळं सांगितलं. सांगताना तो खोलीत येरझाऱ्या घालत होता. खोली एवढीशी, त्यामुळे दर तिसऱ्या पावलाला वळावं लागत होतं.

"मला विचारलं का कुणी? नाही, तू सांग. बावीस वर्षं मी या मॅटवर घाम गाळला. माझं थांबणं हे ठरवणार? आणि तेही कागद छापून?"

बायकोनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मी विचारते की दर वर्षी."

खांबच्या येरझाऱ्या थांबल्या.

खरंच विचारायची ती. गेली चार वर्षं, प्रत्येक स्पर्धेनंतर, त्याच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून ती म्हणायची, "पुरे झालं ना आता?" आणि हा पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. मोजे घालायला त्याला हल्ली पलंगावर बसावं लागतं, उठताना तो आधी कडेला हात टेकतो, डाव्या हाताच्या दोन बोटांना सकाळी अर्धा तास जाग येत नाही. हे सगळं ती बघत होती, आणि तिला यातलं काही दिसत नाही असं तो धरून चालत होता.

"तुझी गोष्ट वेगळी," तो शेवटी पुटपुटला.

"वेगळी कशी? मला उत्तर द्यायचं नाही म्हणून वेगळी?" तिनं खोकं ओढून उघडलं. पांढरेशुभ्र बूट, निळी किनार, आत अजून कागदाचे बोळे. तिनं एक बूट उलटा करून तळ पाहिला, आणि तिचा चेहराच बदलला. "अहो, हे नऊ नंबरचे आहेत."

"काय?"

"नऊ! तुम्हाला अकरा लागतात. यात तुमची टाच बाहेर लोंबेल. लावा फोन त्यांना."

त्यानं लावला. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "अहो पैलवान, घालायचे कुठे आहेत ते? ठेवायचेच तर आहेत!"

खांबनं फोन ठेवला. शिव्या द्याव्यात तर त्याही सुचेनात. ज्या पायांवर बावीस वर्षं टाळ्या घेतल्या संघानं, त्या पायांचं माप यांना ठाऊक नाही, आणि गरजही वाटत नाही! पायांशी काय करायचंय, फोटोशी मतलब.

"बघ तू," तो म्हणाला, "मी जिंकणार, आणि माझे जुने बूट घालूनच घरी येणार. एकही बूट तिथे ठेवणार नाही."

"या," बायको म्हणाली, "पण दाराबाहेर काढा. फरशी पुसलेली असेल."

रविवारी सभागृह भरलं होतं. वर छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, खाली पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, मधोमध पिवळी मॅट, आणि भिंतीवर खांबचा तोच केसवाला फोटो, माणसाच्या दुप्पट आकाराचा. बायको तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स धरून बसली होती. सेक्रेटरींच्या टेबलावर ते खोकं, त्याला आता लाल रिबीन.

उपांत्य फेरीत खांबनं एकाला गुणांवर हरवलं. हरवलं खरं, पण नंतर कठड्याला धरून तो इतका वेळ वाकून उभा राहिला की पंचांनी पाणी पाठवलं. अंतिम लढतीला समोर आला टेम्पोवाला. चोवीस-पंचवीसचा, दिवसभर फर्निचर चढवणारा-उतरवणारा, मान अशी की शर्टाचं वरचं बटण लागत नाही. मागच्या वर्षीही अंतिम फेरीत हाच होता, आणि खांबनं त्याला चीत केलं होतं.

शिट्टी झाली. दोघं भिडले. पहिल्याच झटक्याला खांब खाली वाकून त्याच्या पायात शिरला, आणि पाय हातात आला. लोक ओरडले. खांबनं त्याला फिरवून खाली घेतलं. दोन गुण. पुन्हा उभे राहिले, पुन्हा पाय हातात. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा तर त्याला फार वाकावंही लागलं नाही. सहा-शून्य. सभागृह डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवत सेक्रेटरींच्या कानाशी काहीतरी बोलत होते.

आणि खांब मात्र आपल्या हातांकडे बघत होता.

कारण त्याच्या हातात आलेला तो पाय ताठला नव्हता. तीनदा उचलला, तीनदा मुकाट आला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. खांब पंचवीस वर्षांच्या जिवंत माणसाशी झुंजत नव्हता. तो हॉस्पिटलच्या चादरी उचलत होता.

'जिंकाल हो.' काचेखालचं कार्ड सरळ करता करता उच्चारलेले ते दोन शब्द त्याला आत्ता नीट ऐकू आले.

पहिला डाव संपला. अर्ध्या मिनिटाची विश्रांती. आपल्या कोपऱ्यात जायचं सोडून खांब सरळ टेम्पोवाल्याच्या कोपऱ्यात गेला. पंचांनी शिट्टी फुंकली, त्यानं ऐकली नाही.

"कोणी सांगितलं तुला?"

टेम्पोवाल्यानं मान खाली घातली. "दादा, इथे नको."

"इथेच! कोणी सांगितलं?"

"सेक्रेटरी साहेबांनी. म्हणाले, त्यांना मानानं जाऊ दे. पुढचं वर्ष तुझंच आहे."

"मानानं?" खांबचा आवाज फाटला. "याला मान म्हणतात? अरे, भीक घालतोयस तू मला, एवढ्या लोकांपुढे!" मग त्याला एक भलतीच भीती वाटली. इतकी, की तो हळू आवाजात बोलला. "आणि मागच्या वर्षी?"

टेम्पोवाल्यानं झटकन वर पाहिलं. "नाही दादा. आईशप्पथ नाही. मागच्या वर्षी मी घरी जाऊन रडलो होतो."

खांबनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याला ते पटलं. "मग आजही रडायची तयारी ठेव," तो म्हणाला. "पुन्हा पाय दिलास तर मी मॅट सोडून जाईन आणि माईकवर सगळ्यांना सांगेन. खरं खेळ."

दुसरा डाव सुरू झाला. टेम्पोवाल्यानं एकदाच श्वास घेतला, आणि मग जो आला, त्याला म्हणतात कुस्ती! खांबचे दात वाजले. तो मागे रेटला गेला, त्यानं पाय रोवले, पुन्हा रेटला गेला. त्यानं एकदा पाय पकडला, तर तो पाय असा ताठला की खांबच्या डाव्या हाताची ती दोन बोटं उलगडली. खांबनं जीव खाऊन एक गुण मिळवला. खरा, घासून घेतलेला, पहिल्या सहांपेक्षा कितीतरी मोठा. आणि मग त्याच्या कमरेला विळखा पडला, गुडघा कळवळला, छताच्या कैच्या एकदा गर्रकन फिरल्या आणि पाठ मॅटला टेकली. दोन्ही खांदे. पंचांनी हात आपटला.

खांब चीत झाला होता.

आणि तो उताणा पडल्या पडल्या हसत होता. हे कोणालाच कळलं नाही. त्याच्या छातीवर एक धडधडणारा जिवंत माणूस होता, आणि त्याला खरोखर हरवणारा माणूस गेल्या सहा वर्षांत हाच पहिला.

पंचांनी टेम्पोवाल्याचा हात वर केला. टेम्पोवाला रडत होता, तेही खरं. खांब उठून मॅटच्या मधोमध बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. घामानं गाठ घट्ट बसली होती, बोटं ऐकत नव्हती, पण त्यानं कोणाला हात लावू दिला नाही. सेक्रेटरी एका हातात चालू माईक, दुसऱ्या हातात रिबीनवालं खोकं घेऊन धावत आले.

"काय केलंत हे!" ते दातांतल्या दातांत म्हणाले. "सगळं ठरलं होतं! निदान हे तरी ठेवा, ते जुने नकोत. पाहुणे बघतायत."

"तुमच्या मापाचे आहेत ते," खांब म्हणाला. "घाला आणि मॅटवर उतरा कधीतरी." त्यानं ठिगळाचा बूट मॅटवर ठेवला. मग दुसरा काढला आणि त्याच्या शेजारी, टाचेला टाच लावून ठेवला. "आता विचारा."

"काय विचारू?"

"जे कागद छापायच्या आधी विचारायचं होतं ते."

सेक्रेटरींनी पाहुण्यांकडे पाहिलं, चारशे खुर्च्यांकडे पाहिलं, आणि माईक तोंडाशी नेऊन हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "तर पैलवान... आपण निवृत्त होताय का?"

खांब त्यांच्या बाजूनं नुसत्या मोज्यांवरच मॅटवरून उतरला. मोज्याचा अंगठा फाटलेला, डावा पाय किंचित ओढत, तो तिसऱ्या रांगेत बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

"तू विचार," तो म्हणाला.

ती मांडीवरची पर्स घट्ट धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं चार वर्षांचं तेच वाक्य, तशाच आवाजात म्हटलं. "पुरे झालं ना आता?"

"झालं," खांब म्हणाला. "पुरे झालं."

सेक्रेटरींच्या हातातला माईक अजून चालूच होता, पण हे काही त्यात गेलं नाही.