फुंकणी लावलेली बोट

बोटीच्या इंजिनाच्या झाकणावर एक थाप मारायची, मान वाकडी करून काठावरच्या माणसांकडे बघायचं आणि म्हणायचं, "हाय का कुनाची टाप." इंजिन चालू झालं तरी हेच, न झालं तरी हेच. बहुतेक वेळा ते व्हायचं नाही. मग हा बोटवाला गृहस्थ खाली वाकून खुडबुड करत बसायचा, आम्ही उन्हात ताटकळायचो आणि शेवटी कुणीतरी प्रवासीच वैतागून उठायचा आणि इंजिनाला हँडल मारायचा. इंजिन धडधडलं की याची पुन्हा थाप.

मी आरोग्य उपकेंद्रातली नर्स. भोरहून एसटीनं धरणाच्या काठापर्यंत यायचं आणि तिथून लसींचा डबा मांडीवर घेऊन पलीकडच्या वाडीला जायचं, हे माझं काम. मध्ये धरणाचा फुगवटा आडवा पसरलेला आणि त्यावर एकच बोट, ती याची. म्हणून ओळख. हौसेनं कुणी याची ओळख करून घेतली असेल असं मला वाटत नाही. तुमच्या गावातही असा एखादा असेलच. नसला तर नशीबवान आहात.

अंगात मळका बनियन आणि डोक्यावर सोनेरी नांगर शिवलेली पांढरी टोपी. ती टोपी आणि ती बोट, दोन्ही काठावरच्या एका बंगलेवाल्याची. पुण्याच्या त्या साहेबांनी फायबरची बोट मोठ्या हौसेनं आणली, दोन उन्हाळे मुलाबाळांना फिरवली आणि मग कंटाळून झाडाखाली टाकून दिली. यानं ती मागून घेतली. बोटीत लाइफ जॅकेटं होती, पण ती हा उशाला घ्यायचा. एकदा मी जॅकेट मागितलं तर म्हणाला, "माझ्या बोटीत बसून बुडायचं भ्या? लाज आनता शिस्टर तुमी."

बढाया तर विचारू नका. पासलीच्या पिठाच्या गिरणीची मोटार म्हणे यानं 'सुधारून' दिली. ती तेव्हापासून उलटी फिरायला लागली, आणि गिरणीवाल्यानं याला गावाच्या वेशीपर्यंत शिव्या घालत पोचवलं. हा मात्र सांगायचा, "पासलीवाल्याला इचारा, अजून नाव काढतोय माझं." नाव काढतोय हे खरं होतं.

बोटीचं इंजिन जुनं डिझेलचं, साहेबांच्याही आधीच्या कुणाचं तरी. बोट इतकी हळू चालायची की एकदा आमच्या शेजारून म्हैस पोहत पुढं गेली आणि तिच्या पाठीवर बसलेल्या बगळ्यानं मागं वळून आमच्याकडे बघितलं. सगळी बोट हसली. हा म्हणाला, "म्हशीला काय, तिला डिझेल लागत न्हाई."

असं सगळं रडतखडत चाललं असतं. पण पाण्याला वळसा घालून वाडीला डांबरी रस्ता झाला आणि त्यावर एक जीप धावायला लागली. वळसा मोठा होता, तरी जीप बोटीच्या आधी पोचायची. शिवाय जीपमध्ये बसल्यावर पायाखाली पाणी साचत नाही. हळूहळू बोटीतली माणसं आटली. शिक्षक गेले, दूधवाला गेला. मी राहिले, कारण वळणांवरच्या जीपच्या हिसक्यांत लसींच्या बाटल्या सांभाळणं अवघड जायचं. याच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे.

तेव्हा याच्या डोक्यात सुपरचार्जर शिरला. मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला, तेवढं याला पुरलं. भाषा कळत नव्हती, पण हात कुठं लावतात ते दिसत होतं. मला समजावून सांगायला लागला, "इंजिनाला दम लागतोय शिस्टर. त्याला हवा कमी पडतीय. आपून चुलीला फुंकणी मारतो का न्हाई, जाळ कसा भडकतो? तसं एक यंत्र बसवायचं. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतंय आन् इंजिनातच हवा कोंबतंय."

मी म्हटलं, "चुलीला फुंकणी जास्त मारली की डोळ्यांत राख जाते."

"ती बायांच्या," तो म्हणाला. असल्या माणसाशी काय बोलायचं.

वाडीनं त्या यंत्राचं नाव फुंकणीच ठेवलं. पुण्याच्या भंगारातून, कुठल्याशा मोडक्या गाडीचं ते यानं उचलून आणलं आणि मार्गासनीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्री आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "गाडीचा घाट संपतो. बोट म्हंजे सारखाच घाट, तिला उतार न्हाई. म्हातारं इंजिन हाय, उकळून मरंल." यानं ऐकलं? छे. झाकणावर थाप मारायची तेवढी राहिली, कारण बोट तिथं नव्हती. आणि मिस्त्रीही काय कमी नव्हता. हसत हसत त्यानंच पट्ट्याची कप्पी कातून दिली.

आता खरं ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकांगी बोलते. ते यंत्र चाललं. थंडीचे दिवस होते, धरण काठोकाठ भरलेलं, पाणी गार आणि स्वच्छ. यानं डिझेलचा स्क्रू पिळून वाढवला, पट्टा चढवला आणि दोर सोडला. मागं काळाकुट्ट धूर, कानाचे पडदे फाटतील अशी शीळ, आणि त्या म्हाताऱ्या बोटीनं नाक वर उचललं. माझा लसींचा डबा घसरत मागच्या फळीवर आपटला आणि मी नखशिखांत भिजले. "हाय का कुनाची टाप," हा ओरडत होता. पहिल्यांदाच त्याला काही अर्थ होता, त्यामुळं ते जास्तच असह्य झालं.

त्यानंतर याच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? एसटी थांबते तिथल्या चहाच्या टपरीवर, भरल्या माणसांत यानं जीपवाल्याला आव्हान दिलं. चैत्रात वाडीच्या जत्रेच्या दिवशी दोघांनी एकदमच निघायचं. "जीप आदी वाडीत पोचली तर म्या फेरी बंद करतो. बोट इकून टाकतो. हाय का कुनाची टाप." कुणी मागितलं नव्हतं हे. जीपवाला बिचारा चहा पीत होता. आपल्याच पायावर असा धोंडा पाडून घेणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीत मी एकटीच होते. म्हटलं, "अहो, फेरी बंद झाली तर खाल काय?"

"खायाचं न्हाई काय, लेक हाय कामथडीला, भाकरी घालंल ती," तो म्हणाला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. हे नवीनच होतं. "पर शिस्टर, फेरी गेली तर मला हाक कोन मारंल?"

ही हाक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. या पाण्याच्या काठाला पाच-दहा घरांच्या वस्त्या आहेत, धनगरांच्या, कातकऱ्यांच्या. तिथं धक्का नाही, रस्ता नाही. कुणाला पलीकडे जायचं असलं की तो काठावर येऊन तोंडाला हात लावून लांब हाक मारतो, "ओ नाववालेऽ." हाक कानावर आली की बोट वळवायची. आधीच्या होडीवाल्यांपासून चालत आलेली ही पद्धत, आणि आळशी, बढाईखोर, तंबाखू थुंकणारा हा माणूस तेवढी एक पाळायचा. एका शेळीसाठी यानं आम्हाला भर उन्हात उलटं नेलेलं आहे. मी तेव्हाही शिव्याच दिल्या होत्या.

जत्रेचा दिवस आला. वाडीत कुणाला ऊन लागलं, कुणी पडलं-झडलं तर बघायला मला ड्यूटी लागलेली. औषधांची पेटी घेऊन मी बोटीत बसले. आणखी चार-पाच पाहुणे होते, मजा बघायला आलेले. चैत्रात धरण खाली गेलेलं असतं. काठ उघडे पडून चिखलाचे पट्टे दिसत होते, पाणी गढूळ. याचं इंजिन गार राहायचं ते खालून ओढलेल्या याच पाण्यावर, हे लहान पोरालाही कळलं असतं. याला कुठलं कळायला. यानं सगळा अंदाज थंडीतल्या भरल्या धरणावर बांधलेला.

तरी सांगते, आम्ही पुढं होतो. वरच्या रस्त्यावर वळणावळणानं येणारी जीप मागं पडलेली दिसत होती. वाडीचा धक्का समोर आला, तिथल्या माणसांचे फेटे ओळखू यायला लागले. ढोलाचा आवाजही येत होता. पाहुणे उभे राहून शिट्ट्या मारत होते आणि याचा चेहरा, काय सांगू, लग्नातल्या नवरदेवासारखा झाला होता.

तेवढ्यात डावीकडून हाक आली. "ओ नाववालेऽ."

धनगराच्या वस्तीतली म्हातारी, चिखलाच्या कडेला उभी. मी म्हटलं, "येताना घ्या तिला." पाहुणे म्हणाले, "चला हो, चला." यानं एकदा धक्क्याकडे बघितलं, एकदा जीपकडे. आणि सुकाणू वळवलं.

म्हातारीला कुठंच जायचं नव्हतं. तिनं पदराखालून शेवयांची पिशवी काढली आणि म्हणाली, "जत्रंला माझी लेक आली आसंल, तिला एवढं दे रं बाबा." यानं ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली, ओली होऊ नये म्हणून स्वतःच्या टोपीत ठेवली. "देतो की आजी," म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

त्या उथळ पाण्यात इंजिनानं गाळ ओढला. परत निघताना यानं वेगाची दांडी पुढं दाबली, फुंकणीनं शीळ घातली, आणि मग आतून काहीतरी तडकल्याचा आवाज आला. पांढरी वाफ, काळा धूर, जळक्या रबराचा वास, आणि सगळं शांत. शेवटी वल्हं मारत आम्ही वाडीला पोचलो, तेव्हा जीपमधली माणसं जेवून हात धूत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मला राग आवरेना. "कशाला वळलात तुम्ही? काय अडलं होतं तिचं?"

"हाक मारली न्हवं तिनं," तो म्हणाला. मग म्हातारीच्या लेकीला शोधत गर्दीत गेला.

जन्मभर याचा एक शब्द खरा झाला नव्हता. बोट विकायचा हा शब्द मात्र त्यानं पाळला. वाडीच्या माणसांनी सांगून बघितलं, इंजिनाचं बघू, बोट राहू दे. जीपवाला तर हात जोडून म्हणाला, "अवो, चेष्टेतलं बोलनं ते." ऐकेल तर शपथ. आयुष्यात एकदा शहाणपण दाखवायची वेळ आली, तिथंही मूर्खपणाच. कामथडीजवळ हायवेला एक हॉटेल आहे, त्याच्या मालकानं बोट विकत घेऊन उचलून नेली. हा लेकीकडे राहायला गेला.

पुण्याला मीटिंगला जाताना मी परवा त्या हॉटेलात चहाला उतरले. अंगणात ती बोट, निळा रंग मारलेली, मध्ये टेबल टाकून. त्यात बसून एक कुटुंब मिसळ खात होतं आणि मोबाईलवर फोटो काढत होतं. इंजिनाच्या जागी फुलझाडांच्या कुंड्या होत्या. मी चहा देणाऱ्याला विचारलं, या बोटीचे जुने मालक कधी येतात का इकडे?

"बाबा व्हय? येत्यात की रोज. हितंच खुर्ची टाकून बसत्यात. खात-पीत काय न्हाईत." तो कप उचलता उचलता हसला. "लई इचित्र मानूस हाय, मॅडम. गिऱ्हाईक आमाला हाक मारतं, ओ दादा म्हून, आन् आमी जायच्या आदी हेच उठून जात्यात."