जूलीचा पंजा

एटापल्ली तालुक्यात आमचा नक्षलविरोधी कॅम्प होता. समोर सूरजागडच्या टेकड्या, मागे जंगल, आणि मधे काटेरी तारेच्या आत नव्वद माणसं आणि दोन कुत्री. मी हेड कॉन्स्टेबल, डॉग हँडलर. माझी जूली, काळी लॅब्राडोर, वय पाच. दुसरा रॅम्बो, त्याचा हँडलर हरियाणाचा. रॅम्बो अंगानं दांडगा आणि अकलेनं बेताचा होता. हे मी त्याच्या हँडलरच्या तोंडावरही म्हणत असे, त्यामुळे आमचं फारसं जमलं नाही.

दिवस ठरलेला असायचा. चार तीसला उठणं, पाचला कुत्र्याला फिरवणं, सहाला रोड ओपनिंग. रोड ओपनिंग म्हणजे गाडी निघण्याआधी रस्ता पायी तपासून घेणं. सर्वांत पुढे कुत्रं. दहा मीटरच्या दोरीवर हँडलर. त्याच्या मागे तीस पावलांवर कव्हर मॅन, आणि त्याच्या मागे बाकीचं सेक्शन. हँडलर फक्त कुत्र्याकडे बघतो, म्हणून जंगलाकडे कव्हर मॅननं बघायचं. अंतर मोडायचं नाही. गेलाच तर एकच माणूस जावा, एवढ्यासाठी ते अंतर असतं.

माझा कव्हर मॅन कॉन्स्टेबल गजानन मांढरे. चिमूर तालुक्यातल्या एका गावचा, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरचा. मी भद्रावतीचा. नव्वद जणांत आम्ही दोघंच आमच्याकडच्या बोलीत शिव्या देऊ शकत होतो, मग मैत्री व्हायला कितीसा वेळ लागणार? सुटीवरून येताना तो सुक्या मासोळ्या आणायचा. अर्ध्या स्वतः खायचा, अर्ध्या जूलीला चारायचा. ड्युटीच्या कुत्र्याला असलं काही द्यायचं नसतं. मी दुसरीकडे बघायचो.

जूलीचं काम सोपं होतं. स्फोटकाचा वास आला की अलीकडेच बसायचं आणि हँडलरकडे बघायचं. नाक लावायचं नाही, पंजा लावायचा नाही, भुंकायचं नाही. हे बसणं म्हणजे तिचं इंडिकेशन, सापडल्याची खूण. बसली की तिला बॉल मिळायचा. तुम्हाला वाटतं की कुत्रं देशासाठी काम करतं. कुत्रं बॉलसाठी काम करतं.

तिचा पाय शत्रूनं नेला नाही. आमच्याच रेशनच्या गाडीनं रिव्हर्स घेताना नेला. ती सावलीला झोपली होती आणि ड्रायव्हर मोबाइलवर बोलत होता. मागचा डावा पाय मांडीपासून कापावा लागला. एवढं जंगल, एवढे सुरुंग, आणि पाय गेला तो कांद्याच्या पोत्यांखाली.

महिन्यानं ती परत आली ती वेगळीच होऊन. केनेलमध्ये भिंतीकडे तोंड करून पडायची. उठली की कलंडायची, कलंडली की पुन्हा उठायची नाही. जेवणाचं ताट तसंच राहायचं. पशुवैद्यकीय डॉक्टर पाहून गेले. बसायला सांगितलं तर कापलेली बाजू जमिनीला टेकायची आणि ती ओरडायची. डॉक्टरांनी लिहिलं, ‘बसू शकत नाही, सबब इंडिकेशन देऊ शकत नाही. ड्युटीस अपात्र.’ कागद हेडक्वार्टरला गेला. जाताना ते मला म्हणाले, "खाणं असंच सुटलं तर उगाच हाल करू नका. मला कळवा. एक इंजेक्शन पुरतं."

मी त्यांना कळवणार नव्हतो. पण ती खात नव्हती हेही खरं होतं.

पळणं गेलं, उडी गेली, बसणं गेलं. नाक मात्र शाबूत होतं. मी स्टोअरमधून बिस्किटांचे रिकामे खोके आणले. आमच्या नर्सिंग असिस्टंटकडे दाढदुखीसाठी लवंगेचं तेल असायचं. त्यात कापूस बुडवला, काडेपेटीत घातला, काडेपेटी एका खोक्यात ठेवली आणि सहा खोके ओळीनं मांडले. स्फोटकाचा वास मुद्दाम घेतला नाही. ही ड्युटी नव्हती. हा खेळ होता.

पहिले चार दिवस ती हलली नाही. पाचव्या दिवशी गजानन तिच्या पोटाखाली टॉवेलची झोळी धरून चालला आणि तिला खोक्यांपाशी घेऊन आला. तिसऱ्या खोक्यावर तिचं नाक थांबलं. शेपूट ताठ झालं. ती बसायला गेली, कळवळली, आणि मग काय करावं हे न सुचून तिनं पुढचा पंजा उचलून खोक्यावर ठेवला.

मी "शाबास!" म्हणालो आणि बॉल टाकला.

त्या संध्याकाळी तिनं ताट चाटून पुसून साफ केलं. मला रडू आलं. केनेलमध्ये कोण बघतंय म्हणून मी रडूनही घेतलं.

पुढचे दोन महिने खेळ वाढत गेला. खोके सहाचे पंधरा झाले. काडेपेटी कधी बुटात, कधी टायरमध्ये, कधी झाडाच्या ढोलीत असायची. जूली तीन पायांवर टुणटुणत जायची आणि सापडलं की धप्पकन पंजा मारायची. झोळीची गरज संपली. मान वर करून चालू लागली. रॅम्बोवर गुरगुरूही लागली.

गजाननानं एकदा विचारलं. "भाऊ, हे बसत नाई, पंजा मारून राह्यली. चालते का हे?"

"खेळ होय रे. खेळात चालते."

"आन ड्युटीत?"

"ड्युटीत कोण नेते हिले?"

तेवढ्यावर बोलणं संपलं. पण ट्रेनिंग रजिस्टर माझ्याच हातात होतं, आणि त्यात मी रोज लिहीत होतो, ‘सिट इंडिकेशन समाधानकारक.’ अपात्रतेवरचा हुकूम हेडक्वार्टरहून यायचा होता. तोवर कोणी रजिस्टर उघडलं तर त्याला कुत्री कामाची दिसावी, एवढाच माझा विचार होता. इंजेक्शनची भीती माझ्या मानेवर बसली होती.

एका रविवारी मी मिजास केली. सगळ्या कंपनीसमोर खेळ मांडला. वीस खोके, मधे सुकी मासळी आणि साबणाची फसवणूक. जूलीनं दीड मिनिटात काढलं. पंजा मारला तशा नव्वद जणांच्या टाळ्या पडल्या. असिस्टंट कमांडंट साहेब उन्हात हसत उभे होते. म्हणाले, "ये तो काम की है."

मी छाती फुगवून सॅल्यूट मारला.

तीन आठवड्यांनी रॅम्बो गोचीडतापानं आडवा झाला आणि त्याला गाडीनं पाठवून दिलं. त्याच आठवड्यात आमचे दोन जवान मलेरियानं फणफणले. एक तर माणसं ओळखेना. हवा खराब असल्यानं हेलिकॉप्टर मिळत नव्हतं. त्यांना रस्त्यानं न्यायचं ठरलं, म्हणजे रस्ता उघडायला हवा. पहाटे पाच दहाला साहेबांनी मला बोलावलं.

"डॉग फिट है?"

इथे मी ‘नाही साहब’ म्हणायला हवं होतं. हे दोन शब्द मी त्यानंतर हजार वेळा म्हणून पाहिले आहेत. तेव्हा डोक्यात भलतंच चाललं होतं. एक ड्युटी तिच्या नावावर चढली की तो अपात्रतेचा कागद कोण विचारतो? आणि पंजा मारण्याआधी तिचं शेपूट ताठ होतं, मला एक सेकंद मिळतो. तेवढ्यात मी तिला मागे बोलावीन.

"फिट है, साहब."

सहाला निघालो. जूली पुढे, मी दोरीवर, गजानन तीस पावलांवर. ती खुशीत होती. सहा चाळीसला पहिली पुलिया आली, म्हणजे रस्त्याखालची मोरी. पुलियाखाली दोन्ही बाजूंनी उतरून बघावं लागतं.

माझा वायरलेस सेट वाजला. "चार्ली टू, चार्ली बेस. रोड स्टेटस? ओव्हर."

"चार्ली बेस, पुलिया तक क्लियर. चेकिंग जारी. ओव्हर."

उताराच्या तळाशी नाली होती, दोन हात रुंद. चार पायांच्या कुत्र्यानं ती कधीच ओलांडली असती. जूली काठावर थांबली, पुढे झेपायला गेली, कलंडली. मी दोरी धरून वर उभा होतो. दोरी सोडायची नाही हा नियम मला आठवला. अंतराचा आठवला नाही.

मी मागे वळून म्हणालो, "गजू, हात दे रे हिले. नाली पार करून दे."

त्यानं अंतराची आठवण करून दिली नाही. विचारलंही नाही. मी सीनियर होतो. तो खाली उतरला, तिला पोटाखाली हात घालून उचललं, पलीकडे ठेवलं आणि स्वतःही उडी मारून गेला. ती दोन पावलं पुढे टुणटुणली आणि थांबली. शेपूट ताठ झालं.

गजानन तिच्या मागेच होता. हसत मला म्हणाला, "भाऊ, भेटलं हिले!"

तिला मागे बोलवायचं सुचलं नाही. जुन्या सवयीनं मी ओरडलो, "जूली, बस! बस!"

तिनं ऐकलं. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बसायची तिची तयारी झाली, कंबर थोडी खाली गेली, आणि दुखलं. मग तिनं मी शिकवलेलं केलं.

शुद्धीवर आलो तेव्हा मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला होतो. उजवा कान गेला होता, तो अजून परत आलेला नाही. डाव्या कानानं सेट ऐकू येत होता. "चार्ली टू, धमाका कैसा? चार्ली टू, जवाब दो. ओव्हर." दोरी माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती. दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. गजानन अजून अर्धा तास जिवंत होता. कमरेखाली त्याचं काही राहिलं नव्हतं. तो पाणी मागत होता आणि पाणी द्यायचं नाही असं नर्सिंग असिस्टंट सांगत होता. सात पस्तीसला त्यानं मागणं थांबवलं.

माझ्यासाठी हेलिकॉप्टर आलं. आता तीच खराब हवा चालली. त्यातूनच मलेरियाच्या दोघांनाही नेलं आणि दोघेही वाचले. रस्ता उघडायची गरजच उरली नाही.

चौकशी झाली. मला एकच खरा प्रश्न विचारला गेला. "कव्हर मॅन डॉगच्या इतका जवळ कसा गेला?"

मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब."

पंज्याबद्दल कोणी विचारलं नाही. अपात्रतेवरचा हुकूम हेडक्वार्टरहून अजून आलाच नव्हता. रजिस्टरमध्ये सगळं समाधानकारक होतं. रिपोर्टात ओळ आली, ‘कव्हर मॅनने निर्धारित अंतर पाळले नाही.’ जूलीचा फोटो युनिटच्या भिंतीवर लागला, फुलांचा हार घालून. मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते घेतलं.

रिटायर होऊन भद्रावतीला आलो. इकडे कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात, त्यामुळे तीन पायांच्या कुत्र्यांना तोटा नाही. शेजारच्या एका बाईंची कुत्री पाय गेल्यापासून पलंगाखालून बाहेर येईना. मी त्यांना खोके मांडून दिले, लवंगेचं तेल दिलं. महिनाभरात कुत्री अंगणात नाचू लागली. मग अजून लोक आले. आता रविवारी मैदानात सात-आठ लंगडी कुत्री जमतात, खोके हुंगतात, आणि पंजा मारला की लोक टाळ्या वाजवतात. तिथे पंजा मारल्यानं कोणी मरत नाही. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी मी मैदानाच्या कडेला जाऊन पाठ करून बसलो. त्या बाई धावत आल्या. "काका, तुमच्यामुळे हिच्यात जीव आला," म्हणाल्या. त्यांचं बोलणं मला ऐकवेना. दोन दिवसांनी मी चिमूरची एसटी धरली.

गजाननची आई ओट्यावर जाळं विणत बसली होती. मी नाव सांगितलं. तिनं ओळखलं.

"बापू, लय उशिरा आला. त्याचा बाप गेला मागल्या साली."

मी विचारलं, "बाई, गजूचा फोटो दिसत नाई कुठी."

"बापानं लावू देल्ला नाई. कागद आल्ता ना, त्यात लिवलं होतं, यानं अंतर नाई पाळलं म्हणून. शाळेवाले पंधरा ऑगस्टले बोलवाले आले तं हे म्हणे, हुकूम मोडून मेला, त्याचा सत्कार कशाले? पोराचं नाव नाई घेतलं मरेपर्यंत." तिनं हात थांबवला. "तू होता ना तिथी? खरंच मोडलं का त्यानं?"

मी सगळं सांगितलं. खोके, पंजा, रजिस्टर, नाली. "मीच म्हणलं त्याले खाली उतर म्हणून," असंही सांगितलं.

मग तिनं विचारलं, "हे त्याचा बाप जिता होता तवा काऊन नाई सांगतलं?"

"भ्यालो, बाई."

ती उठून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. वर्दीतला फोटो घेऊन बाहेर आली, एक खिळा आणि वरवंटा माझ्यासमोर ठेवला. "लाव."

मी लावला. दोनदा बोटावर मारून घेतलं. तिनं पदरानं काच पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता जाय. पाणी नाई देत मी तुले."

तहान लागली होती तरी मी मागितलं नाही. एसटी स्टँडपर्यंत चालत आलो.

कॉन्स्टेबल गजानन मांढरे हुकूम मोडून मेला नाही. हुकूम पाळून मेला. तो हुकूम माझा होता.